बागेच्या जागी प्रवास

जून सरता सरता आमच्या एर्लांगेनच्या गल्लीतली लिंडेनची झाडं फुलतात. फूल नजरेत भरत नाही, वास मात्र खिडक्या लावल्या तरी आत येतो. गोड आणि जरासा जड. झाडाखाली उभ्या केलेल्या सायकलींच्या सीटवर वरून टपकलेला चिकटा बसतो आणि सकाळी कामाला निघताना आधी फडकं शोधावं लागतं. हे इथले परीक्षांचे दिवस. बाजारात चेरी आलेल्या असतात, साडेनऊपर्यंत उजेड असतो, आणि ज्या वयात या उजेडात नदीकाठी हिंडायचं त्या वयाची सगळी मुलं कुठे ना कुठे मान खाली घालून बसलेली असतात.

यंदा त्यांत आमची इराही आहे. सतरा वर्षांची. शाळेत चौघींनी मिळून एक सादरीकरण करायचं आहे. परवा दुपारी ती बाल्कनीतून लॅपटॉप घेऊन तरातरा आत आली आणि म्हणाली, की माझी स्लाइड कुणीतरी बदलली आहे. मी मराठीत विचारते, ती जर्मनमध्ये उत्तर देते. आमच्या घरी हे असंच चालतं.

"कुणी बदलली?"

"लेनानं. हे बघ, नाव दिसतंय. काल चार वाजून दहा मिनिटांनी. मुद्दाम केलंय तिनं."

"मुद्दाम कशावरून?"

"नाहीतर न विचारता कशाला हात लावेल?"

मी चेरी धूत होते. हात पाण्यात तसेच राहिले. हे वाक्य मी पूर्वी बोललेलं होतं, याच दिवसांत, जवळपास याच शब्दांत. इराच्या जन्माच्या आधीची गोष्ट. तेव्हा कुणी काय बदललं हे असं नावानिशी दिसायची सोय नव्हती. ते आपलं आपण शोधून काढावं लागे, आणि शोधताना माणूस कुठल्या थराला जातो हे मला त्या एका उन्हाळ्यात कळलं.

मी नाशिकची. पुण्यात शिकले, तिथेच दोन वर्षं नोकरी केली. त्या नोकरीत मी आठ महिने खपून केलेलं एक काम माझ्या वरिष्ठांनी स्वतःच्या नावानं ग्राहकापुढे मांडलं. मी त्या बैठकीत भिंतीला टेकून उभी होते, चहा कुणाला हवा ते विचारत. पुढे न्युरेम्बर्गला पदव्युत्तर शिक्षणासाठी आले तेव्हा आईनं विमानतळावर एवढंच सांगितलं, "आपलं काम कुणाच्या हाती देऊ नकोस." ते सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात आम्हाला दोघादोघांच्या जोड्या करून एक प्रकल्प दिला होता. एक डीव्हीडी तयार करायची, तिचे मेनू रचायचे, आणि खऱ्या माणसांच्या हातात रिमोट देऊन ते तपासायचे. इराला आता हे समजावून सांगावं लागतं. तबकडी आत सरकवली की फिल्म लगेच सुरू व्हायची नाही. आधी एक चित्र यायचं, त्यावर चार-पाच नावं, आणि मागे संगीताचा तोच तुकडा पुन्हा पुन्हा. रिमोटवरचे बाण दाबले की एका नावावरून दुसऱ्यावर रंगाचा पट्टा सरकायचा. ओके दाबलं की त्या नावाची फिल्म उघडायची. दिसायला इतकं साधं. पण बाण दाबल्यावर पट्टा कुठून कुठे जाईल, परत फिरलं तर कुठे थांबेल, हे प्रत्येक बटणासाठी हातानं सांगावं लागे. मग तबकडी जाळायची, म्हणजे सगळं तिच्यावर उतरवायचं, ती ड्राइव्हमधून कोमट बाहेर यायची, तिचा प्लास्टिकचा एक वास यायचा, आणि ती दुसऱ्या यंत्रात घालून बघायची. चुकली की पुन्हा पहिल्यापासून.

चिठ्ठ्या टाकून माझ्या वाट्याला टॉर्स्टन आला. आन्सबाखजवळच्या खेड्यातला, उंच, खांदे पाडून चालणारा. बोलायचा इतकं कमी की पहिल्या दोन आठवड्यांत मी त्याच्या तोंडून 'पास्त शो' सोडून फारसं काही ऐकलं नाही. 'चालेल, ठीक आहे' याला त्यांच्याकडे असं म्हणतात. खिशात एक छोटी वही असायची आणि मी काही बोलले की तो ती काढून काहीतरी टिपायचा. मी बघते आहे हे दिसलं की मिटायचा. ती वही मला पहिल्या दिवसापासून आवडली नाही.

कामाची वाटणी अशी, की फिल्म कापून जोडणं त्याच्याकडे आणि मेनू माझ्याकडे. गुण ज्याचे त्याला. शेवटी प्रत्येकानं सही करून द्यायचं, की माझा भाग मी स्वतः केला आहे. मला ती अट फार बरी वाटली. त्या वर्षी माझा निवासाचा परवाना सहाच महिन्यांनी वाढवून मिळाला होता. आउसलेंडरबेहोर्डमधल्या, म्हणजे परदेशी लोकांच्या कार्यालयातल्या बाई शांतपणे म्हणाल्या होत्या, की पुढच्या वेळी अभ्यास वेळेत चालल्याचा कागद आणा. त्या कागदावर या प्रकल्पाचं नाव लागणार होतं. ते न लागतं तर मी नाशिकला परत.

विषय मी आणला होता. सुमतीकाकू मिरजेच्या. तरुणपणी इथल्या रुग्णालयात नर्स म्हणून आल्या आणि इथल्याच हाइन्ट्स माउरर नावाच्या माणसाशी लग्न करून राहिल्या. त्या नवऱ्याला 'अहो' म्हणायच्या, आणि ते जणू आपलं दुसरं नाव असल्यासारखे वळून बघायचे. मी त्यांना काका म्हणे. काकांचं आयुष्य कंपनीत एक्स-रेची यंत्रं तपासण्यात गेलं होतं. यंत्र बाहेर पडण्यापूर्वी शेवटची सही त्यांची. त्यांच्याकडे तीस वर्षांची चित्रफितींची रिळं होती. लग्न, मुलं, भारताचा प्रवास, आणि घरामागची बाग.

त्या वसंतात डॉक्टरांनी काकांच्या विसरण्याला नाव दिलं होतं. काकू मला स्वयंपाकघरात त्यांच्या जर्मन मिसळलेल्या मराठीत म्हणाल्या, "आल्झो, मृणाल, मी लावून देईन गं त्यांना. त्यात काय. पण त्यांना स्वतःला लावता आलं पाहिजे. माणसाच्या हातात काहीतरी राहिलं पाहिजे की नाही?"

मेनूसाठी मी त्यांच्या लग्नाचा फोटो घेतला. रुंद पडद्यावर वरच्या अर्ध्या भागात तो फोटो, खालच्या अर्ध्या भागात चार ओळी. लग्न, मुलं, प्रवास, बाग. निवडलेल्या ओळीवर हळदीसारखा पिवळा पट्टा. प्रयोगशाळेतल्या नव्या रुंद मॉनिटरवर ते इतकं देखणं दिसे की मी काही न दाबता नुसती बघत बसे.

पहिली चाचणी काकूंच्या दिवाणखान्यात झाली. जूनमधली दुपार, रोलाडेन, म्हणजे खिडक्यांबाहेरची गुंडाळती झापं, अर्धी खाली ओढलेली, त्यांच्या फटींतून गालिच्यावर उन्हाच्या रेघा. टीव्ही जुना, पाठीमागे भलं मोठं पोट असलेला. मी काकांच्या समोर, टीव्हीकडे पाठ करून बसले होते. आम्हाला तसंच शिकवलं होतं. पडदा बघू नका, माणसाचे हात आणि चेहरा बघा. मांडीवर तक्ता होता. त्यात एक रकाना, 'वापरणाऱ्याच्या चुका'.

"काका, बाग लावा," मी म्हणाले.

त्यांनी बाण दाबले, थांबले, ओके दाबलं. माझ्या पाठीमागून घाटातल्या बसचा भोंगा वाजला. प्रवास.

ते परत मेनूवर आले. पुन्हा बाण, या वेळी सावकाश, ओठ हलवत. पुन्हा भोंगा. तिसऱ्यांदा भोंगा वाजला तेव्हा त्यांनी रिमोट दोन्ही हातांनी टेबलावर ठेवला, काचेची वस्तू ठेवावी तसा, आणि काकूंना विचारलं, "मी बागेवर होतो ना?"

काकू नवऱ्याकडेच बघत होत्या, पडदा त्यांनीही पाहिला नव्हता. त्या म्हणाल्या, "असू दे हो. चहा घ्या."

मी रकान्यात तीनचा आकडा लिहिला.

प्रयोगशाळेत परत येऊन मी सगळी बटणं तपासली. बाग दाबली की बाग उघडत होती. एकदा नाही, दहादा. म्हणजे काका चुकले, असं मी धरून चालले. वाईट वाटलं, नाही असं नाही. पण हेही मनात आलं, की चला, आपलं काम बरोबर आहे.

चार दिवसांनी फाइल उघडली तर ओळी हलल्या होत्या. थोड्याशाच, बोटाच्या पेराएवढ्या वर. दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं नसतं, पण मी ते चित्र इतका वेळ बघितलं होतं की देव्हाऱ्यातला टाक हलावा तसं ते मला दिसलं. फाइलची वेळ मंगळवार संध्याकाळची. मंगळवारी मी आलेच नव्हते. दारातल्या नोंदवहीत त्या वेळी एकच सही होती, टॉर्स्टनची.

मी त्याला विचारलं नाही. का नाही विचारलं, हे मी इतक्या वर्षांत स्वतःला अनेकदा विचारलं आहे. तेव्हा वाटलं, विचारलं तर तो सावध होईल.

एकदा संशय आला की सगळं जुळायला लागतं. काकांच्या घरी बागेच्या जागी प्रवास उघडला, तोही यानंच बिघडवला असणार, आणि मी तपासायच्या आत पुन्हा सरळ केला असणार. मी खोलीत आले की तो पडद्यावरची खिडकी बदलतो. माझ्या तोंडावर 'पास्त शो' म्हणतो आणि वहीत लिहितो. माझा भाग कोसळला तर त्याचा उठून दिसेल. मी माझ्या फाइलच्या प्रती घरी न्यायला लागले. कोऱ्या तबकड्यांच्या आतल्या कडेला नेलपॉलिशचा बारीक लाल ठिपका लावून ठेवू लागले, म्हणजे कुणी बदलली तर कळावं. तो किती वाजता आला, किती वाजता गेला, शेजारी कोण बसलं होतं, हे सगळं मीही लिहू लागले, देवनागरीत, त्याला वाचता येऊ नये म्हणून. छपराखालची ती खोली उन्हानं तापलेली असे, पंख्यांची घरघर, खालच्या अंगणातून लिंडेनचा वास, आणि आम्ही दोघं पाठीला पाठ लावून बसलेलो. एकमेकांना दिवसाकाठी चार शब्दही नाहीत.

एकदा तो कॉफी आणायला गेला आणि वही टेबलावर राहिली. मी ती उघडली. त्याचं अक्षर लहान आणि नेटकं होतं. 'एम. तीन चुका. एम. पुन्हा तेच. एम. थकल्यासारखी/थकल्यासारखे,' जर्मनमध्ये त्या शब्दावरून बाई की पुरुष ते कळत नाही. पुढे तारखा, वेळा. एम. म्हणजे मृणाल, याबद्दल मला क्षणभरही शंका आली नाही. मी वही होती तशी ठेवली आणि प्रोफेसरबाईंच्या दारावरच्या भेटीच्या यादीत नाव लिहून आले.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुम्ही त्याच्याशी बोललात?"

"नाही."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि टॉर्स्टनला बोलावून घेतलं. तो आला, दाराजवळच उभा राहिला.

"तुम्ही यांची फाइल बदललीत का?"

"हो," तो म्हणाला. नाकारेल अशी माझी तयारी होती. तो सरळ हो म्हणाला. "मंगळवारी. ओळी वर घेतल्या. हेर माउरर यांच्या टीव्हीवर शेवटच्या ओळीचा पट्टा दिसत नाही."

"यांना सांगितलंत?"

"नाही."

"का?"

तो स्वतःच्या हातांकडे बघत म्हणाला, "ती तिच्या फाइलला कुणाला हात लावू देत नाही."

मॉनिटरवर चारही पट्टे स्वच्छ दिसत होते. मला ते निमित्त वाटलं, तेही फार दुबळं. बाई म्हणाल्या, दुसऱ्याच्या भागात न सांगता बदल करणं नियमात बसत नाही. पण तुमची दोघांची तयारी असेल तर झालं ते इथेच मिटवून पुढे जाता येईल. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. टॉर्स्टननंही पाहिलं.

मी म्हणाले, "मला एकटीनं करायचं आहे."

"पास्त शो," टॉर्स्टन म्हणाला आणि दार हळूच ओढून निघून गेला. त्याच आठवड्यात त्यानं त्या विषयातून नाव काढून घेतलं.

सादरीकरण जुलैच्या शेवटी झालं. रुंद पडद्यावर लग्नाचा फोटो झळकला, पिवळा पट्टा ओळींवरून लोण्यासारखा सरकत गेला, बाग दाबल्यावर बाग उघडली. सगळ्यांनी इथल्या पद्धतीप्रमाणे बाकांवर बोटांच्या पेरांनी टकटक केली. मला उत्तम गुण मिळाले. बाहेर आले तेव्हा ऊन इतकं होतं की डोळ्यांपुढे काही दिसेना. आनंद झाला होता, पण तो कुणाला सांगावा असं कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तबकडी घेऊन मी काकूंकडे गेले. या वेळी मांडीवर तक्ता नव्हता, म्हणून मी काकांच्या शेजारी बसले, टीव्हीकडे तोंड करून.

चित्र आलं. जुन्या चौकोनी टीव्हीनं रुंद चित्र आक्रसून मधे बसवलं होतं, वर आणि खाली काळे पट्टे सोडून. काकांनी बाण दाबले. पहिल्या ओळीवर पट्टा बरोबर होता. दुसरीला घसरला. दुसऱ्यांदा बाण दाबला तेव्हा पिवळा पट्टा स्वच्छ, ठसठशीत, चौथ्या ओळीवर बसला. बागेवर. काकांनी ओके दाबलं. घाटातल्या बसचा भोंगा वाजला.

मला समजायला दोन-तीन श्वास लागले असतील. चित्र वेगळं असतं आणि पट्ट्याचा थर वेगळा. टीव्हीनं चित्र लहान केलं, पण पट्ट्याचा थर मी फक्त रुंद पडद्यासाठी केला होता. जुन्या पडद्यासाठी दुसरा करायचा असतो. तो मी केला नव्हता. म्हणून ओळी वर सरकल्या आणि पट्टे जागच्या जागी राहिले. शेवटचा पट्टा तर खालच्या काळ्या पट्टीत पडून नाहीसाच झाला होता. टॉर्स्टन म्हणाला होता ते हेच. त्यानं वर घेतलेल्या ओळी मी केव्हाच परत खाली आणल्या होत्या. या फाइलला आता माझ्याशिवाय कुणाचा हात लागलेला नव्हता.

काकांनी रिमोट खाली ठेवला.

"थांब," काकू उठल्या, "त्या मुलानं दिलेली लावू."

"कुठल्या मुलानं?"

"टॉर्स्टननं गं. रिळं परत द्यायला आला होता ना, तेव्हापासून येतो अधूनमधून. ह्यांच्याजवळ बसायचा, बघायचा हे कसं दाबतात ते. वहीत लिहून घ्यायचा. मागच्या आठवड्यात ही देऊन गेला. तुला माहीत नाही?"

त्याच्या तबकडीवर फोटो नव्हता. काळ्या पडद्यावर मोठ्या पांढऱ्या अक्षरांतली चार नावं, आणि निवडलेल्या नावाभोवती जाड चौकट. देखणं असं त्यात काहीच नव्हतं. काकांनी बाण दाबले, ओके दाबलं, आणि बाग उघडली. तरुण काकू साडी खोचून टोमॅटोच्या रोपांना काठ्या बांधत होत्या. काका पुढे झुकून बघू लागले. फिल्म संपली तशी त्यांनी ती पुन्हा लावली. स्वतः.

शेवटी दोन ओळी आल्या. मेनू: मृणाल. फिल्म: टॉर्स्टन. आणि खरं सांगायचं तर, ते वाचून मला भरून आलं नाही. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की यानं माझं नाव का घातलं? यात काय डाव आहे? इतकी मी त्या उन्हाळ्यात बिघडले होते.

मग मी काकांना म्हणाले, "काका, त्या दिवशी चूक तुमची नव्हती. पट्टा बागेवरच होता. तुम्ही बरोबर दाबलं होतं. चूक माझी."

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांचे डोळे एकदम कामावरच्या माणसाचे झाले. "त्या दिवशी तू एका कागदावर लिहीत होतीस," ते म्हणाले. "तो आण."

तो माझ्या पिशवीतच होता. काकांनी चष्मा लावला, काकूंकडून पट्टी आणि पेन मागून घेतलं. तीनच्या आकड्यावर पट्टी धरून एक सरळ रेघ ओढली. शेजारी शून्य लिहिलं. खाली सही केली, आणि तारीख मला विचारून घातली.

पुढचं सांगायला मला आवडत नाही. मी लगेच बाईंकडे गेले नाही. गुणांचा कागद हातात होता, परवान्याची भेट तीन आठवड्यांवर होती. आता काही बोलले आणि गुण थांबले तर, हा हिशेब मी रोज सकाळी सायकलवर करत होते. तीन आठवडे मी टॉर्स्टनच्या खेड्यातला फोन नंबर पाकिटात घेऊन हिंडले. परवाना पासपोर्टात चिकटला त्याच्या दुसऱ्या दिवशी बाईंना जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी पासपोर्टाबद्दल विचारलं नाही. विचारतील या भीतीनं मी उत्तर घोकून गेले होते.

त्या म्हणाल्या, टॉर्स्टननं विद्यापीठच सोडलं आहे. पण त्यानं अर्ज केला तर त्याची तबकडी तपासता येईल. अर्जाचा कोरा कागद त्यांनी माझ्याच हातात दिला. माझे गुण त्यांनी कमी केले नाहीत. का केले नाहीत, हेही कोडं मी बरेच दिवस उकलत बसले होते.

परवा चेरी खाता खाता हे सगळं मी इराला सांगितलं. ती लॅपटॉप बंद करून ऐकत होती. संध्याकाळी तिनं लेनाला फोन केला. लेना म्हणाली, मजकूर फार लांब होता म्हणून कापला. इराला ते पटलं नाही. मलाही पूर्ण पटलं नाही. पण दोघी आज समोरासमोर बसून ती स्लाइड पुन्हा करताहेत, एवढं खरं. मी आता रुग्णालयातल्या यंत्रांच्या पडद्यांवरची बटणं तपासते. कुणी म्हणालं की वापरणाऱ्यानं चुकीचं दाबलं, तर आधी खुर्ची फिरवून पडदा बघते.

"आणि तो?" इरानं झोपायला जाताना विचारलं. "त्यानं माफ केलं तुला?"

त्याच्या आईनं फोनवर सांगितलं होतं, की तो नेकारसुल्मला गाड्यांच्या कारखान्यात लागला आहे. सप्टेंबरात मी दोन गाड्या बदलून तिथे गेले. स्टेशनाच्या मागच्या टेकडीवर द्राक्षांचे मळे होते आणि हवेत पिकलेल्या फळांचा आंबूस वास होता. दुपारी पाळी सुटली तसा तो फाटकातून बाहेर आला. मला बघून थबकला, पण त्याला नवल वाटल्यासारखं दिसलं नाही.

आम्ही बसथांब्याच्या बाकावर बसलो. मी पाठ करून आलेलं सगळं बोलले. रुंद पडद्याचं, काळ्या पट्टीचं, बाईंचं. माझं जर्मन मधेच अडखळत होतं, तो थांबून राहात होता. अर्जाचा कागद दिला, तो त्यानं घडी करून वरच्या खिशात ठेवला. तो अर्ज त्यानं भरला, हे मला हिवाळ्यात बाईंकडून कळलं. त्याला त्या विषयात उत्तीर्ण केलं. शिकायला मात्र तो परत आला नाही.

"हेर माउरर कसे आहेत?" त्यानं विचारलं.

"रोज बाग लावतात. तुझी."

त्यानं मान हलवली. मग मी धीर करून वहीचं विचारलं. त्यात एम. म्हणजे कोण होतं?

"आधी हेर माउरर," तो म्हणाला. "नंतर तू."

"मी?"

"तू माझ्या येण्याजाण्याच्या वेळा लिहीत होतीस. तबकड्यांवर लाल ठिपके लावत होतीस. मला दिसत होतं. मग मीही लिहायला लागलो. वाटलं, पुढेमागे लागेल."

समोरून एक बस आली, थांबली, निघून गेली. ती त्याची होती की नाही कोण जाणे, तो उठला नाही. बूट जमिनीवर घासत त्यानं विचारलं, "तू माफी मागायला आलीस, की मी आता कुठे तक्रार करणार नाही ना, हे बघायला?"

माझ्या तोंडाशी पहिलं उत्तर तयार होतं, आणि ते त्याला चटकन देता आलं असतं. पण तो माझ्याकडे बघत नव्हता, टेकडीकडे बघत होता, आणि त्याला काहीही मिळवायचं नव्हतं.

"दोन्हीसाठी," मी म्हणाले.

तो माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "हे मात्र मला खरं वाटतं."